बरडीचा वाटा

कनातीच्या पलीकडं सनई सुरू झाली, आणि अलीकडं आशाबाईनं पदर पुढं ओढला.

वंदना रांगेनं येत होती. अंगावर मोरपंखी शालू, हातात खणांनी भरलेलं सूप, मागं कुंकवाची वाटी धरलेली कुणीतरी पोरगी... लग्नघरची ही जुनी रीत. पोळ्या लाटायला आलेल्या बायांना घरधनिणीनं स्वतः कुंकू लावायचं अन् खण द्यायचा. रीत चांगलीच, पण आज त्या रीतीनं आशाबाईचा जीव टांगणीला लावला होता! कुंकू लावायचं म्हणजे कपाळ दिसणार, कपाळ दिसायचं म्हणजे पदर मागं सरकणार, आणि पदर सरकला की वंदनाला आपली सख्खी मोठी जाऊ पिठानं माखलेल्या हातांनी, मजुरीच्या बायांत, मांडी घालून बसलेली दिसणार. आशाबाईनं पदर आणखी पुढं ओढला आणि लाटणं इतकं दाबलं की पोळी एका अंगानं फाटली. शेजारच्या तानाबाईनं, म्हणजे टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमिणीनं, ती फाटकी पोळी गुपचूप उचलून पुन्हा कणकेत कालवली.

उठून जावं, तर मागं भट्ट्या आणि पुढं वंदना. बसून राहावं, तर ती तीन-चार बायांवर येऊन ठेपलेली. गजानना, कुठं आणून अडकवलंस रे मला, असं आशाबाई मनातल्या मनात म्हणत होती.

आता कुणी विचारील, सख्ख्या पुतणीच्या लग्नात मोठी काकू पोळ्या काऊन लाटत होती? तर त्याचं उत्तर असं, की नात्यानं ह्या लग्नाला यायची तिला बंदी होती. मजुरीनं यायला कुणी अडवलं नव्हतं. नवऱ्याला, उत्तमरावांना, तिनं बीबी गावाजवळच्या एका लग्नात काम आहे एवढंच सांगितलं होतं. कुणाचं लग्न ते त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ज्या काजलला जन्मल्यावर पहिली आंघोळ तिनं घातली, तिची हळद कनातीच्या फटीतून का होईना डोळे भरून बघता येईल, एवढ्याच लोभानं ती माऊली तानाबाईच्या टोळीत घुसली होती. आणि घराण्याची रीत अशी, की नवरीला पहिली हळद मोठ्या काकूनं लावायची. तिकडं पाटावर नवरी बसली होती, वाटीत हळद कालवून ठेवली होती, आणि ती पहिली बोटं लावणारा हात इकडं कणीक मळत होता. नियती अशी चेष्टा करते तेव्हा हसावं की रडावं, ते माणसाला कळत नाही.

हे सगळं सुरू झालं ते वाटणीच्या दिवशी.

आशाबाई लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा सासू नव्हती. होते सासरे पंजाबराव, नवरा, आणि चड्डीची नाडी बांधता न येणारा धाकटा दीर चंद्रशेखर. त्या मायवेगळ्या पोराला तिनं न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, तापात मांडीवर घेऊन बसली. स्वतःची लेक, राखी, झाली ती पुष्कळ वर्षांनी. तोवर तिच्या वात्सल्याचा सगळा ओघ ह्या दिराकडंच वाहिला. पुढं त्याचं लग्न झालं, वंदना आली, आणि पंजाबरावांनी आपल्या डोळ्यांदेखत वाटणी करायचं ठरवलं.

त्यांच्याकडची वाटणी साधी. वाटे मोठ्यानं पाडायचे, आणि उचलायचे पहिले धाकट्यानं. म्हणजे मोठा लबाडी करत नाही. कारण कमी-जास्त वाटे पाडले तर चांगला धाकटाच उचलून नेणार. देवघरापुढं पाटावर दोन ढेकळं ठेवायची, एक ह्या जमिनीचं, एक त्या जमिनीचं; धाकटा ज्याला हात घालील ते त्याचं. जमीन दोन तऱ्हेची होती. एक विहिरीखालची काळी, कापूस अन् गहू दोन्ही देणारी. दुसरी टेकाडाकडची बरड. एकरानं जास्त, पण मुरूम, दगड आणि बोरीबाभळी. धाकटा काळीच उचलणार हे शेंबडं पोरही सांगू शकत होतं.

पण त्या सकाळी चंद्रशेखर चुलीपाशी येऊन बसला. वंदना पाण्याला गेली होती. म्हणाला, वयनी, मी बरड उचलतो. मले शाळेत शिपायाची नोकरी लागून राह्यली, माह्यं भागते. दादाचं शेताशिवाय काहीच नाही, अन् राखी हाये. आशाबाईचे डोळे भरून आले; तिनं नाही-नाही म्हटलं. तेव्हा त्यानं तिचा राखेनं भरलेला हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे, दादाले कधी सांगणार नाही. धाकट्यानं दया केली म्हनून त्याले कळलं, तर तो काळीत पाय ठेवणार नाही." आणि तिनं, लेकरासारख्या त्या दिराच्या डोक्यावर हात ठेवून, शपथ घेतली... त्याच शपथेत ती पुढची सगळी वर्षं कोंडली गेली.

चंद्रशेखरनं मुरमाचं ढेकूळ उचललं तेव्हा बैठकीतली माणसं तोंडावर धोतराचा सोगा धरून हसली. वंदना आठवडाभर जेवली नाही म्हणतात. पुढच्या वर्षी पंजाबराव गेले.

आणि त्यानंतर महामार्ग आला.

कुठल्याशा कचेरीत कुणीतरी नकाशावर एक रेघ ओढली. ती रेघ ना कुणाचा घाम बघून ओढली होती, ना कुणाचं पुण्य. पण गाड्या जिथं खाली उतरणार होत्या ती जागा नेमकी बरडीवर आली! मोबदला तर मिळालाच. उरलेल्या मुरमाला रस्त्याचं तोंड लाभलं, आणि बोरीबाभळीच्या जागी आधी पेट्रोल पंप, मग ढाबा, मग हे लग्नाचं लॉन उभं राहिलं. तीच रेघ काळीच्या बांधावरून गेली. काळीतलं काहीच घेतलं नाही, म्हणून मोबदलाही नाही. फक्त गाव आणि शेत ह्यांच्या मधे उंच भराव अन् भिंत घातली. काल उंबऱ्यावरून दिसणारं शेत भिंतीपलीकडं गेलं. तिथं जायचं तर लांबचा वळसा घालून भुयारी वाटेनं, आणि त्या वाटेत पावसाचं पाणी दिवाळी उलटली तरी हटायचं नाही. बैलगाडी जाईना, मजूर येईनात, वेचलेला कापूस डोक्यावरून आणावा लागे. भरावानं नाला तुंबला. पावसाळ्यात काळीत तळं आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी. एकाच रस्त्यानं एका भावाला वर उचललं आणि दुसऱ्याला भिंतीआड टाकलं, आणि दोघांपैकी कुणीही त्यासाठी बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

पण माणसाला असं कसं पटेल? उत्तमरावांना पटलं नाही. कुणी काळी सोडून बरड उचलते का, त्याले आधीच मालूम होतं, कचेरीतल्या कोन्या दोस्तानं सांगतलं असन... हे ते आधी स्वतःशी म्हणाले, मग पारावर म्हणाले, आणि शेवटी भावाच्या दारात उभं राहून चोर म्हणाले. त्या दिवसापासून त्या घराचा उंबरा बंद. आशाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. ओठांवर आलेलं सत्य तिनं पुन्हा गिळलं. हाताखालचं ते पोराचं डोकं तिला आठवत होतं.

बाकी फरक हळूहळू पडत गेला. राखी आणि काजल एका बाकावर बसलेल्या, एकीच्या वहीत बघून दुसरीनं गणितं केलेली. काजल शिकायला पुण्याला गेली. राखी नर्सिंगला बुलढाण्याला गेली खरी, पण काळी दोनदा पाण्याखाली गेली आणि पोरगी कोर्स अर्धा टाकून परत आली. आता बीबीत कापडाच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवते अन् पुन्हा घड्या घालते. गावाचं बोलणंही बदललं. पूर्वी चंद्या म्हणायचे त्याला शेखरभाऊ म्हणू लागले, आणि उत्तमरावांचा नुसता उत्तम झाला. पंपाच्या वर्धापनदिनाला चंद्रशेखरला शाल-श्रीफळ दिलं. कुणी पुढारी भाषणात म्हणाला, ह्याला म्हणतात दूरदृष्टी, जगाला दगड दिसले तिथं ह्याला सोनं दिसलं! आशाबाई गर्दीच्या मागं उभी होती. चंद्रशेखर नाही म्हणेल, निदान मान तरी हलवेल, असं तिला वाटलं. तो हसला, आणि त्यानं शाल नीट खांद्यावर घेतली.

त्या हसण्यानं तिच्या काळजात जे रुतलं ते नवऱ्याच्या शिव्यांनीही रुतलं नव्हतं. एकदा ढाब्यामागं गाठून तिनं विचारलं, दादाले सांगून टाकू का रे? तो रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत राहिला. आता सांगून कोन मानते, वयनी, राहू दे... असं म्हणून आत निघून गेला. तेव्हा तिला कळलं, की ही शपथ आता दादासाठी उरलेली नाही.

"बाई... वर बघा, कुंकू लावते."

वंदना समोर उभी होती. आशाबाईनं मान वर केली नाही, म्हणून वंदनानंच हसत पदर मागं सारला, आणि तिचं बोट कपाळाशीच थांबलं. सूप कलंडलं, खण कणकेत पडले. 

"आमची नाचक्की करायले आल्या का तुम्ही?" वंदनाचा आवाज कापत होता, रागानं की रडू दाबून, ते तिचं तिलाच ठाऊक. "घरचा मान सोडून इथं बसल्या? व्याह्यानं पाह्यलं तर काय म्हनन?"

आशाबाईला सांगायचं होतं, की बाई, मी कुणाचं काही करायला आले नाही, मला फक्त पोरीची हळद बघायची होती. पण ती कणकेतले खण वेचून त्यांचं पीठ झटकू लागली. तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि आईचा आवाज ऐकून पिवळ्या साडीतली काजल पाटावरून उठून वाटीसकट तशीच धावत आली, मागं चंद्रशेखर. पोरीनं कुणाला काही विचारलं नाही. मोठ्याई, असं म्हणून ती त्या पिठाच्या हातांना बिलगली आणि हळदीची वाटी पुढं करून लाव म्हणाली. आशाबाईनं हात मागं घेतले. लावावी तर नवऱ्याचा शब्द मोडतो, न लावावी तर पोरीचं मन मोडतं. ती बिचारी जिथल्या तिथं खिळली.

आणि नेमके तेव्हाच फाटकातून उत्तमराव ओरडले.

कुणीतरी गावात सांगितलं होतं त्यांना, कुणाच्या लग्नात तुझी बायको पोळ्या लाटून राह्यली म्हणून. पायांना चिखल, डोळे लाल. फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही, पण आवाज पार मांडवापर्यंत पोचला. "ऊठ तिथून, आशे! ज्या चोरानं आपली भाकर चोरली, त्याच्या घरच्या पोळ्या लाटतं का तू?"

सनई थांबली. जालन्याकडचे व्याही, पांढऱ्या कपड्यांतला शांत म्हातारा माणूस, उठून चालत आले. चोर कोण, आणि हे गृहस्थ कोण, एवढंच त्यांनी विचारलं. चंद्रशेखर म्हणाला, माहा मोठा भाऊ. व्याह्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात ते म्हणाले, की आम्ही तुमची हुशारी ऐकून सोयरीक केली; पण सख्ख्या भावाला फसवून मिळवलेलं असेल, तर त्या घरची पोरगी नेताना आम्हाला दहा वेळा विचार करावा लागेल. काजलच्या हातातली वाटी खाली आली. वंदनानं तिचा दंड घट्ट धरला.

चंद्रशेखरनं फक्त आशाबाईकडं पाहिलं आणि मान हलवली, सांगू नको अशी. पण आशाबाईची नजर त्याच्यावर नव्हती. ती बघत होती त्या पोरीकडं, जी आत्ता भर मांडवात चोराची लेक ठरत होती, आणि तिला आपली राखी दिसत होती, कापडाच्या दुकानात घड्या घालणारी. दोन्ही लेकरं एकाच गप्प बसण्याखाली चिरडली होती! ती उठली. हाताचं पीठ तिनं पदराला पुसलं नाही, तशीच फाटकापाशी गेली.

"चोरी नाही केली त्यानं," ती नवऱ्याला म्हणाली. "काळी तुमच्याकडं राहावी म्हनून त्यानं बरड उचलली. वाटणीच्या सकाळी माह्या चुलीपाशी येऊन सांगतलं. तुम्ही घेणार नाही म्हनून माहा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. आज मोडली मी. काय वाईट व्हायचं ते माह्यं होवो, त्याचं नको."

खोटं हाये, असं उत्तमराव म्हणाले. पुन्हा एकदा, लहान आवाजात, खोटं म्हणाले. मग त्यांनी फाटकाची सळई धरली. इतकी वर्षं ज्या रागाच्या आधारावर ते सकाळी उठत होते, भिंतीला वळसा घालून चिखल तुडवत शेतावर जात होते, तो रागच कुणीतरी पायाखालून काढून घेतला होता. आपण ज्याला चोर म्हणत आलो त्याच्याच दयेवर आपण शेती केली, हे कळणं त्या मानी माणसाला किती जड गेलं असेल! आशाबाईला तो चेहरा बघवेना.

"खरं हाये का, चंद्या?"

"हाव, दादा."

"मंग इतकी वर्सं तोंड काऊन नाही उघडलं? मी तुले गावभर चोर म्हनलं."

चंद्रशेखरनं खाली बघितलं. गळ्यातला सोन्याचा गोफ, डोक्यावरचा फेटा, मागं उभं राहिलेलं सगळं वऱ्हाड... त्या सगळ्यांसमोर तो बोलला, आणि आशाबाईच्या मते त्याचा खरा त्याग बरड उचलण्यात नव्हता, तो ह्या बोलण्यात होता.

"पहिले शपथ होती म्हनून. मंग पैसा आला अन् लोकं म्हनाले, याची नजरच लांबची हाये. ते मले गोड वाटलं, दादा. तू म्हने, याले आधीच मालूम होतं, लोकंही तेच म्हनत. तू शिवी देऊन, ते शाल देऊन. दोन्ही खोटंच होतं, पन शाल मी ठेवून घेतली. नजर-बिजर काही नव्हती मले. रस्ता दुसऱ्या अंगानं गेला असता, तर आज मी त्या भिंतीमागं असतो."

व्याह्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्यानं पुसत राहिले. मग मुलाकडच्या बायांना खुणेनं खाली बसा म्हणाले. चंद्रशेखर चालत परातीपाशी गेला. कणकेचे दोन सारखे उंडे त्यानं तोडले, पोळपाटावर ठेवले आणि पोळपाट दोन्ही हातांनी उचलून फाटकापाशी आणला. पंप, ढाबा, लॉन, काळी, सगळं धरून हे दोन वाटे, आता मी पाडले, दादा. पहिले तू उचल.

उत्तमरावांचा हात पुढं आला, हवेत थांबला आणि पुन्हा सळईवर गेला. दातृत्व स्वीकारणं सोपं असतं, असं ज्याला वाटतं त्यानं तो हात बघायला हवा होता. माह्यानं नाही होत, कोन्या तोंडानं घेऊ, असं काहीसं ते पुटपुटले आणि बायकोकडं बघू लागले.

वाटणीच्या दिवशी आशाबाईला कुणी विचारलं नव्हतं. घरात विचारायची पद्धतच नव्हती. बायका तेव्हा दाराआड चहा करत होत्या. आज सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं पोळपाटावरचा एक उंडा उचलला.

"भीक असती तर मीबी नसती घेतली," ती म्हणाली. "पन हा वाटा हाये. राखीच्या नावानं उचलते. तिचं शिक्षण अर्धं राह्यलं ते ह्याच्यातून पुरं होईन." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती हुंदके देऊन रडली. उत्तमरावांनी चिखलाच्या वहाणा फाटकाबाहेर काढल्या आणि अनवाणी आत आले. चंद्रशेखर त्यांच्या पायांशी वाकला, तेव्हा त्याचा फेटा खाली पडला आणि कुणी उचलला नाही.

काजलच्या गालाला पहिली हळद मोठ्याईनंच लावली. हळदीत पीठही लागलं. हळद लावून झाल्यावर आशाबाई पुन्हा जाऊन पोळपाटापाशी बसली. वंदना म्हणाली, आता तरी उठा, बाई. पण वऱ्हाड जेवायचं होतं आणि पोळ्या अर्ध्याच झाल्या होत्या. मग वंदनानं शालूचा पदर खोचला, तानाबाईला सरकायला सांगितलं आणि जावेसमोर लाटणं घेऊन बसली. तिला गोल पोळी काही येत नव्हती. सवय मोडली होती.

दिवस कलताना पाठवणी झाली. चंद्रशेखर गाडीनं सोडतो म्हणाला, तर दादा ऐकेनात. शेतात वेचलेला कापूस पडला होता, तो झाकायला जायचंच होतं. म्हणून तिघंही भिंतीच्या कडेनं चालत निघाली. भुयारी वाटेशी आली तेव्हा आत काळं, गुडघाभर पाणी साचलेलं होतं. वरून गाड्या जात होत्या. चंद्रशेखर काठावर थांबला. ह्या रस्त्यावरून तो रोज गेला होता. रस्त्याखालून कधीच नाही.

"दादा, तू रोज असा जातं?"

"हाव," उत्तमराव म्हणाले, आणि वहाणा हातात घेऊन नेहमीसारखे पाण्यात उतरले.

चंद्रशेखरनं लग्नातली नवी पँट गुडघ्यावर दुमडली, वहिनीला हात दिला आणि दादाच्या मागं त्या पाण्यात पाय टाकला.